अकरा नंबरचा बिल्ला

थोरलीला दुसऱ्यांची कामं उरकून टाकायची भारी खोड होती. खोड म्हणा, नाहीतर मोठेपणाची हौस म्हणा. एका मोठ्या इस्पितळाच्या कचेरीत ती हजेरीची वही सांभाळायची. कुणाला यायला उशीर झाला की, "अगं, जिना चढत असेल ती, येतेच आहे," असं म्हणायची आणि खुशाल तिची सही ठोकून मोकळी व्हायची. वीस वर्षांत त्यापायी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. उलट, "ताई आहेत म्हणून आमचं निभतंय," असं सगळे म्हणायचे, आणि थोरलीला ते ऐकायला आवडायचं. कुणाला नाही आवडत?

समुद्राच्या सहलीची कल्पनाही तिचीच. दिवसभराची बोट, तीन किनारे, मधे एक गुहा, दुपारचं जेवण बोटवाल्याकडे. तिकिटं काढली तीन. एक स्वतःचं, एक धाकट्या बहिणीचं आणि एक तिच्या नवऱ्याचं. त्यामागचं कारण फक्त दोघी बहिणींना ठाऊक होतं. निदान थोरलीची तशी समजूत होती.

धाकटीच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दुकानात माणूस लोण्याहून मऊ. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवताना असा जपायचा की बघत राहावं. घरी मात्र एकदा अबोला धरला की तीन-तीन आठवडे तोंडातून शब्द नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी मागायचा नाही, तसंच गिळून ताट सरकवायचा. मारझोड नाही, शिवीगाळ नाही. मग तक्रार तरी काय करणार आणि कुणाकडे? सहा वर्षं धाकटी भिंतीशी बोलल्यासारखी त्याच्याशी बोलली आणि मग थांबली. बुधवारी ती थोरलीला म्हणाली, "ताई, मला बाहेरगावच्या प्रयोगशाळेत नोकरी लागलीय. सोमवारी निघतेय मी. परत नाही येणार."

"आणि आईला काय सांगू?"

"खरं सांग."

खरं सांग म्हणे! बाबा गेल्यापासून आईचं एकच पालुपद होतं, या घरात आता काही मोडलेलं मला बघवायचं नाही, बघावं लागलं तर मी जगायची नाही. थोरलीनं धाकटीपुढे हात जोडले. रविवारचा एक दिवस दे. मोकळी हवा, पाणी, दोघांना जरा बोलता येईल. धाकटी तिरसट, पण ताईपुढे तिचं फार चालायचं नाही. आली.

सकाळी आठ वाजता धक्क्यावर चौदा माणसं जमली. बोटवाला साठीचा, काटकुळा, पण तोंडानं तिखट. बोटीच्या केबिनच्या दाराशी एक फळा ठोकलेला होता, त्यावर चौदा खिळे आणि प्रत्येक खिळ्याला दोरीत ओवलेला पत्र्याचा बिल्ला.

"नीट ऐका, मी दुसऱ्यांदा सांगत नाही," तो म्हणाला. दुसऱ्यांदाही त्यानं सांगितलं, ते निराळं. "बोटीतून उतरताना आपापला बिल्ला गळ्यात घालायचा. परत चढलात की खिळ्यावर लावायचा. फळा भरला की मी इंजिन सुरू करतो. डोकी मोजत नाही मी, डोकी जागेवर राहत नाहीत. आणि आपला बिल्ला आपणच लावायचा. बायकोचा नवऱ्यानं नाही, नवऱ्याचा बायकोनं नाही."

"अहो, लग्न झालंय आमचं!" एक नवं जोडपं होतं, त्यातला तो म्हणाला.

"म्हणून तर सांगतोय," बोटवाला म्हणाला आणि सगळे हसले. तो हसला नाही.

पहिला किनारा छान गेला. धाकटीनं पाय भिजवले, नवऱ्यानं फोटो काढले, एकमेकांचे मात्र नाहीत. उन्हानं धाकटीची मान भाजली होती, बिल्ल्याची दोरी तिला टोचायला लागली. "आण इकडे," थोरली म्हणाली आणि अकरा नंबरचा बिल्ला आपल्या दहा नंबरसोबत पर्समध्ये टाकला. लहानपणापासून असंच चाललेलं. धाकटीची पाटी, धाकटीचा डबा, सगळं ताईच्या दप्तरात.

अकराच्या सुमारास गुहा आली. उंच काळ्या कड्याला खाली फाटल्यासारखं एक तोंड. बोटवाल्यानं बोट खडकाला लावली आणि बजावलं, "पाऊण तास. आत वर एक कट्टा आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तीन वाजता हे तोंड पाण्याखाली जातं आणि कट्टाही बुडतो."

आत शिरल्यावर ऊन एकदम तुटलं. थंडी अशी की दात वाजावेत. ओल्या चुन्याचा, शेवाळाचा आणि खाली कसला तरी जुना वास. कपाटात वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या कपड्यांना येतो तसा. कुणी बोललं की आवाज आत जायचा आणि बराच वेळ परत यायचा नाही. आला की वाटायचं, आपण एवढं हळू बोललो नव्हतो.

बाकीचे बघून बाहेर पडले. धाकटी कट्ट्यावर बसून राहिली, म्हणून थोरलीही राहिली आणि तिनं विषय काढला. सहा महिने थांब. आईचं वय बघ. तो काही वाईट माणूस नाही.

"वाईट नाही गं. तो नाहीच आहे," धाकटी म्हणाली. "ताई, तिकडे कचेरीत कुणाच्याही सह्या कर. माझी करू नकोस."

हे मात्र थोरलीला झोंबलं. ज्यांच्यासाठी हाडांची काडं केली, त्यांनी हे ऐकवावं? बाहेर भोंगा वाजला. "चल," ती तुटकपणे म्हणाली.

"तू हो पुढे. मी तोंड धुऊन येते. रडलेली दिसायला नको त्याला."

थोरली तणतणत बोटीवर चढली. पर्समधून दोन्ही बिल्ले काढले. दहा नंबर लावला. अकरा नंबर हातात धरून तिनं क्षणभर गुहेकडे पाहिलं. येतेच आहे मागून. तिनं तोही लावला.

फळा भरला. बोटवाल्यानं एक नजर टाकली आणि इंजिन सुरू केलं.

"थांबा, माझी बहीण..." असं म्हणत थोरली वळली आणि तिचा जीव भांड्यात पडला. मागच्या बाकावर, नवऱ्याच्या शेजारी, डोक्यावरून पिवळा टॉवेल घेऊन धाकटी बसली होती. कधी चढली, कुठून चढली, कोण जाणे! राग आला असेल, न बोलता मागून गेली असेल. थोरलीनंही मग मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या किनाऱ्यावर जेवण. वाळूत चटया, पाव, तळलेले मासे, उकडलेली अंडी. आणि तिथे थोरलीनं जे बघितलं त्यानं ती गहिवरलीच. धाकटी नवऱ्यासाठी अंडं सोलत होती. तो बोलत होता. भडाभडा बोलत होता! दुकानातलं, भाड्याचं, लहानपणी एकदा विहिरीत पडला होता ते. ती मान हलवत होती, मधेच हसत होती, तेही तोंडावर हात घेऊन, हळूच.

"बघा ताई," तो म्हणाला. "किती दिवसांनी अशी हसली."

"ताई, तू जेवलीस का?" धाकटीनं विचारलं.

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. पस्तीस वर्षांत या पोरीनं कधी विचारलं नव्हतं. तिनं मायेनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हात ओला झाला. तास दीड तास रणरणत्या उन्हात बसली होती, वारा होता, आणि केसांतून अजून पाणी गळत होतं. खालची चटई भिजली होती. हाताला वास आला... बंद कपाटाचा.

तेवढ्यात थोरलीचा फोन वाजला. फोनवर धाकटीचं नाव होतं.

समोर धाकटी अंड्याचं टरफल वेचत होती. गळ्यात सकाळी अडकवलेली फोनची प्लॅस्टिकची पिशवी नव्हती. थोरलीनं फोन कानाला लावला.

"ताई... अगं कुठे गेलात तुम्ही?" पाण्याचा धपधप आवाज. "मी आत होते, बाहेर आले तर बोटच नाही... वाटलं, वळून येईल. कधीची लावतेय, आतून फोन लागत नाही गं, तोंडाशी उभं राहिलं तर लागतो, आणि इथं पाणी मांड्यांपर्यंत आलंय. ताई, मला पोहता येत नाही... ताई, बोल ना..."

तिनं नुसता फोन मेहुण्यापुढे धरला. त्यानं ऐकलं. पहिल्यांदा हसतच ऐकलं, मग हसू पुसलं गेलं. त्यानं शेजारी बसलेलीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. फोनमधून त्याला नावानं हाक मारलेली थोरलीलाही ऐकू आली. त्यानं फोन कट केला आणि चटईवर पालथा ठेवला.

"रेंज नाही," तो म्हणाला.

"अहो... ती आत अडकलीय! ही... ही कोण आहे मग?"

तो तिला बाजूला घेऊन गेला. आवाज एकदम खाली. "ताई, मला सोमवारचं ठाऊक आहे. नोकरीचं पत्र वाचलंय मी. आठ दिवस झोपलो नाही." मग मागे वळून बघत म्हणाला, "ही... बरी आहे की. माझं ऐकून घेते. राहू दे ना."

असं म्हणाला तो. चष्मा कुठला घेऊ असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगावं, तितक्या समजुतीनं.

थोरलीनं चटईवरचा फोन उचलून पर्समध्ये टाकला आणि ती धावत बोटीवर गेली. बोटवाला पातेलं घासत होता. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. वेडी समजेल अशी तिला भीती होती. तो मुळीच दचकला नाही. त्यानं पातेलं खाली ठेवलं.

"अकरा नंबर तुम्ही लावलात?"

"...हो."

"घसा फोडून सांगितलं होतं मी सकाळी!" तो ओरडला. "जागेवर नसलेल्या माणसाचा बिल्ला लावला की ती जागा भरते, बाई. कुणीतरी भरतं."

"बोट वळवा. पाया पडते तुमच्या..."

"वळवतो की. पण नुसती वळवून उपयोग नाही. मागं एकदा तसाच गेलो होतो. हाका ऐकू यायच्या अगदी कानाशी, आणि माणूस दिसेना. बिल्ला खिळ्यावर आहे तोवर तिथं कुणी सापडत नाही." बाकीचे खिळे रिकामे होते, त्यानं फळ्यावर उरलेल्या एकट्या अकरा नंबरला हात घालून ओढलं. साधी दोरी, साधा खिळा, पण बिल्ला तसूभर हलला नाही. "ज्यानं लावला त्याच्याच हातानं निघतो. काढा. ही जाईल, ती सापडेल. चाळीस मिनिटांची वाट आहे, सव्वादोनच्या आत निघालो तर पोचतो."

घड्याळात दोनला पाच कमी होते.

थोरलीनं बिल्ला धरला. तिच्या बोटांत तो लगेच सैल झाला. नुसता उचलायचा होता, बस्स.

"ताई."

ती मागे उभी होती. फळीवर ओल्या पावलांचे ठसे. चेहरा धाकटीचाच, तीळही जागच्या जागी. फक्त कपाळावरची आठी नव्हती.

"ताई, सोमवारी मी कुठेही जात नाही. तू म्हणशील तसं. आईला सांग, काळजी करू नको."

पर्समध्ये फोन वाजायला लागला.

आता तुम्ही म्हणाल, यात विचार कसला करायचा? माणूस पाण्यात आहे, बिल्ला काढायचा! मीही तेच म्हणेन, मी इथं कोरड्या जागी बसलोय. थोरलीच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी आई आली. सोमवारची सकाळ आली, आईचा पांढरा पडलेला चेहरा आला, चार लोकांना सांगायच्या थापा आल्या. आणि खोटं कशाला सांगू, तिला गुहेतलं ते सहीचं बोलणंही आठवलं. अजून झोंबत होतं. समोरची मात्र मान तिरपी करून, शहाण्या मुलीसारखी वाट बघत होती.

"काढा हो," बोटवाला म्हणाला. "बाई... काढा."

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. थोरलीला वाटलं, अजून वेळ आहे, दोन मिनिटं विचार करू. दोन मिनिटं गेली. आणखी दोन गेली. हात हळूहळू जड झाला आणि आपोआप खाली आला. सव्वादोन झाले तेव्हा बोटवाल्यानं घड्याळाकडे पाहिलं, एकदाच, आणि तो पातेलं उचलून घासायला बसला. घासलेलंच पातेलं.

तिसऱ्या किनाऱ्यावर नव्या जोडप्यानं सगळ्यांचे एकत्र फोटो काढले. थोरलीची पर्स मांडीवर थरथरत होती. तीन वाजता ती थरथरायची थांबली. संध्याकाळी धक्क्यावर बोटवाल्यानं प्रत्येकाला हात देऊन उतरवलं. थोरलीची पाळी आली तेव्हा त्यानं हात मागे घेतला.

सोमवारी कुणी कुठे गेलं नाही. महिन्याभरात तर घराचा नूर पालटला. जावई दुकान लवकर बंद करून घरी यायचा आणि झोपेपर्यंत बोलत बसायचा. धाकटी रोज आईकडे यायची, तिचे पाय चेपायची, औषधं वेळेवर द्यायची. शेजारणी विचारायच्या, काय केलंत हो, पोर एवढी कशी निवळली? जरा ओलसर राहायचं तिच्याभोवती सगळं, बसल्या जागी फडकं मारावं लागायचं. आई ते न बोलता मारायची.

थोरली मात्र वाळत चालली. कचेरीत आता ती कुणाचीच सही करत नव्हती. तरी महिन्याच्या शेवटच्या रविवारी आईनं सगळ्यांना जेवायला बोलावलं तेव्हा ती गेली. न जाऊन काय सांगणार होती?

भर दुपार. टेबलाशी चौघं. आई खुशीत होती, टीव्हीवर कसलंसं गाणं चाललं होतं, जावई दुकानातला किस्सा सांगत होता. तेवढ्यात दार वाजलं.

बेल असताना दार वाजलं. तळहातानं वाजवल्यासारखं, मऊ.

थोरली सवयीनं उठली. दाराच्या भोकाला डोळा लावला. बाहेर धाकटी उभी होती. सहलीच्या सकाळी घातलेले तेच कपडे, फाटलेले. नखं मुळापासून उखडलेली, खडकाला धरून धरून. गळ्यात फोनची पिशवी, पाण्यानं टम्म फुगलेली. चेहऱ्याचं मी सांगत नाही. पण कपाळावरची आठी ओळखू येत होती.

"आई..." ती दाराला ओठ लावून म्हणाली. "आई, दार उघड ना. मी आहे."

थोरलीचा हात कडीवर गेला. आता तरी. या वेळी तरी.

"बस खाली," मागून आई म्हणाली.

थोरली वळली. आई ताटाकडेच बघत होती. कोण आहे असं तिनं विचारलंच नव्हतं.

"आई... तुला माहीत आहे?"

"तीन आठवडे येतेय," आई म्हणाली. "पहिल्या दिवशी उघडणार होते मी. कडीसुद्धा काढली होती. मग वाटलं... तिला घरात घेतलं तर ही जाईल." तिनं शेजारच्या ओल्या हातावर आपला हात ठेवला. "या वयात मला पुन्हा ते नको गं. जाते थोड्या वेळानं. तू जेव."

जावयानं मान खाली घालून घास घेतला. थोरली उभी राहिली, मग तिनं कडीवरचा हात काढला आणि येऊन बसली. दारावर तळहात वाजतच होता, हळू, न थकता. आईनं टीव्हीचा आवाज वाढवला.

तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. टेबलाशी बसलेली ती उठली होती. दाराकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिनं एकेकाकडे पाहिलं. आईकडे, नवऱ्याकडे, थोरलीकडे.

"उघडा ना गं कुणीतरी..." ती म्हणाली. "मला चालेल जायला. तिथं आत फार थंडी असते. माझ्या घरच्यांनीसुद्धा नव्हतं उघडलं."